खर्जाचा धुरा

आमच्या घरात वडिलांना भाऊ म्हणत. भाऊ पटवारी होते. दिवसभर जरीब घेऊन दुसऱ्यांच्या शेतांचे धुरे मोजायचे आणि गुरुवारी रात्री भजनी मंडळात तबला वाजवायचा, यातच त्यांचे आयुष्य गेले. १९९६ साली ते वारले. त्यांच्या वाजवण्याची एकच कॅसेट आमच्याकडे आहे. १९८४ च्या कोजागिरीला शेजारच्या अंगणात मंडळ बसले होते, तेव्हा कुणाच्या तरी टू-इन-वनवर ती भरली गेली. तिच्यात टाळ आहेत, पेटी आहे, मध्येच दूध उतू गेल्याची आरडाओरड आहे, आणि या सगळ्याच्या खाली भाऊंचा तबला-डग्गा आहे.

मागच्या दिवाळीत पुण्याला नोकरी करणारा माझा मुलगा घरी होम थिएटर घेऊन आला. पाच छोटे स्पीकर, त्यांना चालवणारा एक रिसीव्हर, आणि सबवूफर नावाचा एक काळा चौकोनी खोका. लावून देणाऱ्या माणसाने तासाभरात तारा ओढल्या, सबवूफर दिवाणामागच्या कोपऱ्यात ढकलला आणि मारधाडीचा एक सिनेमा लावून घराच्या खिडक्या हलवून दाखवल्या. मुलगा खूश झाला. भाऊंच्या कॅसेटची त्याने पुण्यात संगणकावर नक्कल करून घेतली होती. ती त्याने खास आजीसाठी लावली.

आई ऐंशीची आहे. डोळे अधू झाले आहेत, पण कान शाबूत आहेत. पाचएक मिनिटे ऐकून ती म्हणाली, "हे त्यायचं वाजवणं नव्हे."

"अगं आजी, तीच कॅसेट आहे. उलट आता बेस किती छान येतोय बघ!"

"येत असंल. पण हे दोन माणसं वाजवून राहिले. एक तिकडं, एक इकडं." तिचे बोट एकदा समोरच्या भिंतीकडे गेले आणि एकदा दिवाणामागच्या कोपऱ्याकडे.

मी लक्ष देऊन ऐकले. म्हातारी बरोबर सांगत होती. भाऊंचा उजवा हात समोर वाजत होता आणि डावा हात पाठीमागे. बारा वर्षे मी ज्या दोन हातांना एका मांडीसमोर बघितले, ते यंत्राने खोलीच्या दोन टोकांना नेऊन ठेवले होते. शिवाय मंडळातल्या पुरुषांचे आवाज सर्दी झाल्यासारखे पातळ येत होते.

मी इतिहासाचा एम. ए. ध्वनिशास्त्राशी माझा संबंध पंधरा ऑगस्टच्या लाउडस्पीकरपुरता. पण बिघडलेली गोष्ट मुळात घडली कशी, हे शोधण्याची खोड इतिहासवाल्याला असतेच. म्हणून या खोक्यांच्या मागे लागलो, आणि जे हाती आले ते या अंकाच्या वाचकांपुढे ठेवतो आहे.

मुळात आवाजाची वाटणी का करावी लागते? माणसाचा कान साधारण २० पासून २०,००० कंपनांपर्यंतचा नाद ऐकतो. सेकंदाला एक कंपन म्हणजे एक हर्ट्झ. खालचा नाद काढायचा तर मोठा पडदा हवा आणि त्याने भरपूर हवा ढकलायला हवी. वरचा नाद काढायचा तर पडदा हलका, चिमुकला आणि चपळ हवा. एकाच पडद्याकडून दोन्ही कामे करून घेणे म्हणजे नांगराच्या बैलाला टांग्याला जुंपण्यासारखे आहे. चालतो बिचारा, पण कुठल्याच कामाचा राहत नाही.

तबल्याच्या जोडीत ही वाटणी डोळ्यांना दिसते. उजवीकडे लहान तोंडाचा, लाकडी, सुरात लावलेला तबला. डावीकडे मोठ्या तोंडाचा, धातूचा डग्गा, ज्याची शाई मध्यावर नसते, एका बाजूला सरकवलेली असते. तबल्याच्या आणि मृदंगाच्या शाईचे गुपित शास्त्राच्या भाषेत सांगणारे पहिले मोठे नाव चंद्रशेखर वेंकट रामन यांचे. कुठल्याही साध्या चामड्याच्या वाद्याचे उपस्वर एकमेकांशी फटकून असतात. पण शाईच्या वजनामुळे ते सुरेल ओळीत येऊन बसतात, हे रामन आणि शिवकाली कुमार यांनी १९२० मध्ये 'नेचर' या नियतकालिकात मांडले, आणि १९३४ मध्ये रामन यांनी त्यावर सविस्तर लिहिले. आपल्या भागातल्या वाचकांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. हे रामन १९१० मध्ये सरकारच्या वित्त खात्याचे अधिकारी म्हणून नागपुरात होते. तेव्हा बालाघाटची राजधानी नागपूरच होती. हिशेबाच्या वह्या आणि नादाचे शास्त्र एकाच माणसाच्या हातून होऊ शकते, तर पटवाऱ्याने डग्गा वाजवण्यात काय नवल?

आता यंत्राकडे येतो. ग्रामोफोन कंपनीचा फ्रेडरिक गेसबर्ग १९०२ च्या अखेरीस कलकत्त्याला आला आणि हिंदुस्थानी गाणे तबकडीवर भरू लागला. (भाऊराव कोल्हटकर त्याआधी एकच वर्ष, १९०१ मध्ये गेले. किर्लोस्कर मंडळीचा तो आवाज कुणाला ऐकता येणार नाही, ही हळहळ माझ्या मनातून जात नाही.) त्या काळी वीज नव्हती, गायकाने भोंग्यात तोंड घालून गायचे आणि त्या जोराने सुईने मेणावर रेघ ओढायची. या पद्धतीत साधारण दोनशेच्या खालचे आणि दोन-अडीच हजारांच्या वरचे नाद जवळजवळ भरलेच जात नसत. म्हणजे गाणारा मिळाला, पण त्याच्यामागच्या तंबोऱ्याचा खर्ज आणि डग्ग्याचा घुमारा गळून गेला. काळी एक पट्टीच्या पुरुषी तंबोऱ्यात खर्जाच्या तारेचा नाद ६९ हर्ट्झच्या आसपास असतो. मिरजेच्या कारागिरांनी भोपळ्यातून मेहनतीने काढलेला हा घुमारा त्या मेणाला लागतच नव्हता. जुन्या तबकड्या ऐकून त्या काळचे तबलजी डावा हात कमी वापरत असतील असे कुणाला वाटले, तर दोष तबलजींचा नाही.

१९२५ हे वर्ष या इतिहासातला मोठा टप्पा आहे. त्या वर्षी विजेच्या मायक्रोफोनने ध्वनिमुद्रण सुरू झाले आणि त्याच वर्षी अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी कागदी शंकूच्या, तांब्याच्या वेटोळ्याने हलणाऱ्या लाउडस्पीकरची रचना प्रसिद्ध केली. आजही आपल्या घरातले बहुतेक स्पीकर त्याच घराण्याचे आहेत. लोहचुंबकाच्या फटीत तांब्याचे वेटोळे, वेटोळ्याला चिकटवलेला शंकू, एवढाच संसार.

पण आवाजाचे दोन भाग करणारी चाळणी आली ती गाण्याच्या दुनियेतून नव्हे, टेलिफोनमधून. एकाच तारेवरून एकाच वेळी अनेक संभाषणे न्यायची, तर प्रत्येकाचा कंपनांचा पट्टा वेगळा काढता आला पाहिजे. त्यासाठी अमेरिकेत जॉर्ज कॅम्पबेल आणि जर्मनीत कार्ल विली वाग्नर यांनी १९१५ च्या सुमारास एकमेकांपासून स्वतंत्रपणे विजेच्या चाळण्या शोधल्या. चाळणीत दोनच वस्तू मुख्य. तांब्याच्या तारेचे वेटोळे, म्हणजे कॉइल; ते खालच्या कंपनांना वाट देते आणि वरच्यांना अडवते. आणि कंडेन्सर, त्याचा स्वभाव नेमका उलटा. कॉइलमागे मोठा स्पीकर आणि कंडेन्सरमागे लहान स्पीकर जोडला, की झाला क्रॉसओव्हर. कॉइलचा विषय निघाला की मला मलाजखंडची आठवण येते. १९८२ पासून आपल्या जिल्ह्यातल्या त्या खाणीतून हिंदुस्थान कॉपर तांब्याचा धोंडा काढते आहे. देशातल्या कितीतरी कॉइलींमध्ये आपल्या जिल्ह्याची माती असेल, पण तिच्यावर नाव लिहिलेले नसते.

बोलपट आले आणि चाळणीची गरज थिएटरात भासू लागली. १४ मार्च १९३१ ला मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये 'आलम आरा' लागला. पुढच्या वर्षी प्रभातचा 'अयोध्येचा राजा' आला आणि मराठी पडद्यावर बोलू लागली. हजार माणसांना ऐकू जाईल असा आवाज एका भोंग्यातून काढायचा, तर तो कुठेतरी किंचाळायचा आणि कुठेतरी मुका व्हायचा. २७ एप्रिल १९३३ रोजी बेल प्रयोगशाळेने फिलाडेल्फियात वाजणारा वाद्यवृंद तारेवरून वॉशिंग्टनच्या सभागृहात ऐकवला. तिथे सुमारे ३०० हर्ट्झच्या खालचा नाद एका भोंग्याकडे आणि वरचा दुसऱ्याकडे अशी वाटणी केलेली होती. ऐकणारे थक्क झाले.

मात्र याच घडणीचा भोंगा हॉलिवूडच्या एमजीएम स्टुडिओत लावून बघितला, तेव्हा एक गंमत झाली. एलिनॉर पॉवेल ही नर्तकी बुटांच्या टाचांनी ठेका धरून नाचायची. पडद्यावर तिची टाच एकदा आपटे आणि कानाला दोनदा ऐकू येई. जॉन हिलियर्ड या अभियंत्याने कारण शोधले. खालच्या नादाचा भोंगा दुमडलेला आणि लांब होता, वरच्या नादाचा आखूड. एकाच ठोक्याचे दोन भाग वेगवेगळी वाट चालून येत होते आणि त्या वाटांत काही फुटांचा फरक होता. आवाज एका सेकंदाला साधारण अकराशे फूट जातो. काही फूट म्हणजे सेकंदाचे काही हजारांश. तेवढ्यानेसुद्धा टाचेचा ठोका फाटला. दोन्ही वाटा सारख्या केल्यावर ठोका एक झाला. हिलियर्ड आणि त्यांचे प्रमुख डग्लस शिअरर यांनी त्यातून जो दुपदरी भोंगा उभा केला, त्याला १९३६ सालासाठीचा अकादमीचा तांत्रिक पुरस्कार मिळाला. पुढे कित्येक वर्षे थिएटरांतले भोंगे त्याच वळणाचे होते.

हे वाचताना मला आईचे वाक्य आठवले. दोन माणसे वाजवून राहिले. हिलियर्डला हे कळायला प्रयोगशाळा लागली होती!

घराघरात मात्र ही वाटणी फार उशिरा आली. १९४८ मध्ये नागपूर आकाशवाणी सुरू झाली. १९५२ पासून बुधवारी रात्री रेडिओ सिलोनवर अमीन सयानी यांची बिनाका गीतमाला, १९५५-५६ मध्ये पुणे केंद्रावरून गदिमा आणि बाबूजींचे गीतरामायण. बालाघाटच्या मराठी घराने हिंदी आणि मराठी असे दोन्ही एकाच डब्यातून ऐकले, स्पीकर एकच. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची भजनेही आपण दोन्ही भाषांतली तशीच ऐकली. महाराजांच्या खंजिरीला लहान स्पीकर पुरायचा, डग्ग्याला पुरायचा नाही. तरीही आम्हाला डग्गा ऐकू यायचा. ते कसे?

याचे उत्तर एका डच शास्त्रज्ञाने दिले. जे. एफ. शाउटेन हे फिलिप्सच्या आइंडहोवेनच्या प्रयोगशाळेत होते. मूळ नाद काढून टाकला आणि त्याचे उपस्वर तेवढे ठेवले, तरी कान तो मूळ नाद ऐकतोच, यावर त्यांनी १९४० च्या आगेमागे काम केले. १००, १५०, २०० असे उपस्वर कानावर पडले की मेंदू ५० चा नाद आपल्या पदरचा घालतो. आमच्या घरचा ट्रान्झिस्टर फिलिप्सचाच होता. त्याच्या तळहाताएवढ्या स्पीकरने कधी खर्ज काढला नाही. तो आमचा आम्हीच काढला. एका अख्ख्या पिढीने डग्गा असा अंदाजाने ऐकला आहे. त्यामुळे खरा खर्ज घरात आला तेव्हा तो किती असावा याचे मापच कुणाला उरले नव्हते, असे माझे मत आहे. आज लग्नाच्या वरातीत छाती बडवणारा जो धमाका चालतो, त्याचे मूळ या उपासात असावे.

पुढचा इतिहास भराभर सांगतो. १९५४ मध्ये अमेरिकेत एडगर विलचर यांनी हवाबंद छोट्या पेटीतून खोल नाद काढून दाखवला; तोवर त्यासाठी कपाटाएवढी पेटी लागे. ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये आणि रिचर्ड स्मॉल यांनी सत्तरच्या दशकात पेटीचे गणित बसवले. १९७४ च्या 'अर्थक्वेक' सिनेमाने भूकंप प्रेक्षकांच्या खुर्चीत आणला. १९८३ मध्ये 'रिटर्न ऑफ द जेडाय'बरोबर टॉमलिन्सन होल्मन यांचे टीएचएक्स आले आणि त्याच्या घरगुती रचनेत सबवूफर व इतर स्पीकर यांच्यामधली हद्द ८० हर्ट्झवर धरली गेली. १९९२ पासून डॉल्बी डिजिटलची पाच वाहिन्या आणि वर एक 'पॉइंट वन' अशी व्यवस्था रूढ झाली. तो पॉइंट वन म्हणजे १२० हर्ट्झपर्यंतच्या धडाक्याची वेगळी वाहिनी.

हे ८० का? बंद खोलीत ८० च्या खालचा नाद कुठून येतो आहे हे कानाला जवळजवळ कळत नाही. त्या नादाची एक लाट चौदा फूट लांब असते. भिंतीवरून परतलेल्या लाटांत ती मिसळून जाते आणि कान दिशा सोडून देतो. म्हणून सबवूफर कुठेही ठेवला तरी खर्ज समोरच्या स्पीकरांचाच वाटतो. हद्द जसजशी वर न्याल, तसतसे गुपित फुटते. दीडशे-दोनशेवर नेली की पुरुषाच्या आवाजाचा पाया, डग्ग्याचा अर्धा जीव, सगळे त्या खोक्यातून येऊ लागते आणि कान बरोबर बोट दाखवतो. आमच्या आईने दाखवले तसे.

पण या सगळ्या प्रकरणात माझ्या मनात घर करून बसले ते एक वेगळेच काम. हद्द म्हणजे रेघ आहे, अशी माझी समजूत होती. ८० च्या खाली याचे, ८० च्या वर त्याचे. प्रत्यक्षात तसे नसते आणि तसे करताही येत नाही. प्रत्येक चाळणीला उतार असतो. सबवूफरचा आवाज ८० च्या पुढे हळूहळू उतरतो, स्पीकरचा ८० च्या मागे हळूहळू उतरतो, आणि मध्ये एक पट्टा असा असतो जिथे दोघेही बोलत असतात. ह्युलेट-पॅकार्ड कंपनीतल्या सिगफ्रीड लिंकविट्झ आणि रस रायली यांची रचना १९७६ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात नेमक्या हद्दीवर दोघेही बरोबर अर्ध्या आवाजात बोलतात आणि दोघांची बेरीज पूर्ण होते, ना कमी, ना जास्त. उतार एका सप्तकाला २४ डेसिबल. अट एकच, दोघांची लाट एकाच वेळी वर आणि एकाच वेळी खाली जायला हवी. एक वर असताना दुसरा खाली असेल, तर अर्धे आणि अर्धे मिळून शून्य होते.

भाऊ हेच धुऱ्याबद्दल सांगायचे. तिकडे पश्चिम महाराष्ट्रात ज्याला बांध म्हणतात तो आपला धुरा. कागदावर तो रेघ असतो. शेतात त्याला रुंदी असते. त्यावर दोन्हीकडची माणसे चालतात, दोन्हीकडची गुरे चरतात. ज्या वर्षी एकजण तो नांगरून आपल्यात ओढतो, त्या वर्षी पटवाऱ्याला बोलावणे येते. आपल्या बाघ नदीचेही तसेच नाही का? १९५६ मध्ये नकाशावर रेघ पडली, गोंदिया तिकडे आणि आपण इकडे. पण आजही गोंदियाच्या बाजारात हिंदी तेवढीच चालते आणि वारासिवनीच्या ओसरीवर मराठी. असो, विषयांतर झाले.

दिवाळीची सुट्टी संपायला दोन दिवस होते. एका दुपारी मी आणि मुलगा कामाला लागलो. आधी रिसीव्हरच्या पडद्यावर काय लिहिले आहे ते बघितले. हद्द २०० वर होती. त्यात लावणाऱ्याचा पुरता दोष नाही. ते समोरचे स्पीकर मुठीएवढे होते, त्यांना खाली जाणे झेपलेच नसते. पण सबवूफरच्या पाठीवर स्वतःचाही एक नॉब असतो, आणि तो होता १२० वर. म्हणजे एकाच शेताला दोन धुरे! २०० च्या खालचे स्पीकरने सोडून दिलेले, १२० च्या वरचे सबवूफरने घ्यायला नकार दिलेला, आणि मधला पट्टा पडीत. मंडळातल्या पुरुषांच्या आवाजाला सर्दी का झाली, ते कळले. रिसीव्हर हद्द आखत असेल तेव्हा सबवूफरचा नॉब पार शेवटाला नेऊन ठेवायचा, की त्याची लुडबूड संपली.

मग मी माळ्यावरून माझे जुने खोके काढले. १९९२ मध्ये पहिल्या काही पगारांतून नागपूरहून करून आणलेली सागवानी जोडी. आठ इंची स्पीकर, वर एक छोटा ट्वीटर आणि आत एकच कंडेन्सर. एवढाच त्यांचा क्रॉसओव्हर. मुलाने नाक मुरडले. पण आठ इंची शंकू साठपर्यंत सहज उतरतो. त्यामुळे हद्द ८० वर आणता आली आणि तिच्या खाली थोडी ऐसपैस जागाही राहिली. स्पीकरची दौड जिथे संपते तिथेच हद्द ठेवू नये, थोडी वर ठेवावी, एवढे मी तोवर शिकलो होतो.

सबवूफर कुठे ठेवावा यासाठी एक विचित्र पण नामी युक्ती आहे. ऐकणाऱ्याच्या जागी सबवूफर ठेवायचा आणि ऐकणाऱ्याने खोलीभर रांगत फिरायचे. जिथे खर्ज सर्वांत सारखा आणि स्वच्छ ऐकू येईल, ती सबवूफरची जागा. आमची बैठक चौदा फूट लांब आहे. चौदा फुटी खोलीत भिंतीपासून भिंतीपर्यंत ४० हर्ट्झची अर्धी लाट चपखल बसते आणि उगाच फुगते. ८० ची अख्खी बसते. कोपऱ्यात आणि भिंतीलगत हा फुगवटा सर्वाधिक. तेव्हा आईच्या खुर्चीत सबवूफर बसवून शाळेचे मुख्याध्यापक गुडघ्यांवर रांगू लागले. आईने विचारले, "चष्मा हरवला का रे?" मुलगा हसून हसून लोळला. शेवटी खिडकीच्या खाली, दोन खोक्यांच्या मधल्या जागी खर्ज सरळ ऐकू आला आणि आम्ही तो काळा खोका तिथे नेऊन ठेवला.

उरले लाटांचे जुळणे. सबवूफरच्या पाठीवर शून्य आणि एकशेऐंशी असा एक खटका असतो. ८० च्या आसपासचा नाद वाजत असताना मुलगा खटका इकडून तिकडे करत होता आणि मी आईच्या जागी बसून ऐकत होतो. एका बाजूला डग्गा भरून येई, दुसऱ्या बाजूला पोकळ होई. भरला तिथे ठेवला. रिसीव्हरमध्ये प्रत्येक खोक्याचे अंतर टेपने मोजून भरले; हिलियर्डची काही फुटांची चूक आज हा आकडा दुरुस्त करतो. सबवूफरचा आवाज मुलाला वाटत होता त्याच्या निम्म्याहून कमी केला. यावर थोडी वादावादी झाली. तो आहे हे लक्षात येऊ नये आणि बंद केला की चुकल्यासारखे व्हावे, इतकाच असावा, असे माझे म्हणणे. मुलाचे म्हणणे, मग विकत कशाला घेतला? शेवटी सिनेमासाठी त्याचे माप आणि गाण्यासाठी माझे, असा करार झाला. आईची खुर्ची भिंतीपासून दोन हात पुढे ओढली.

संध्याकाळी दिवे लागल्यावर कॅसेट पुन्हा लावली. टाळ, पेटी, मंडळाचे आवाज, दुधाची आरडाओरड. सर्दी गेली होती. तबला-डग्गा समोर, एकाच ठिकाणी, चटईवर बसल्यासारखा. कोपऱ्यात आता कुणी नव्हते.

आई बराच वेळ काही बोलली नाही. भजनाचा वेग वाढला, धुमाळी सुरू झाली, आणि तिने मान जराशी तिरकी केली.

"आता त्यायचं," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, "पण त्या दिवशी डावं मनगट दुखत होतं. आठ दिवस आधी सायकलवरून पडले होते. बघ, दाबून घेत नाहीयेत."

डग्ग्यावर मनगट दाबून सरकवले की त्याचा नाद वर चढत जातो. भाऊंची ती खोड होती, ते प्रत्येक समेला करायचे. मी कॅसेट मागे नेऊन पुन्हा ऐकली. सगळ्या भजनात तो चढ फक्त दोनदा होता, आणि दोन्ही वेळा अर्ध्यावर सोडलेला. तेव्हा मी सोळा वर्षांचा होतो, त्याच अंगणात दूध ढवळत बसलो होतो. ते सायकलवरून पडले होते हे मला माहीत नव्हते.